ठोकळा डोक्यात फिरत नाही, म्हणून आर्किटेक्चर सोडायचं?

मुलीने आर्किटेक्चरचं नाव काढलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला: "इंटरमीजिएट ड्रॉइंगला कोणती ग्रेड होती?" 'ए' असली की सगळे निश्चिंत. पण त्या परीक्षेत मुख्यतः हात तपासतात. प्रवेश परीक्षेला वस्तूची न दिसणारी बाजूही डोक्यात उभी करावी लागते. जेईई मेनच्या पेपर २ए मध्ये ४०० पैकी चित्रकलेला १०० गुण आहेत आणि ॲप्टिट्यूडला २००. ठोकळे, आरशातल्या प्रतिमा, उलगडलेले डबे हे सगळं या दुसऱ्या भागात येतं. तिथे सुंदर शेडिंग कामाला येत नाही.

'नाटा दिली की नागपूरच्या व्हीएनआयटीचं दार उघडलं' असंही काही पालक धरून चालतात. आर्किटेक्चर कौन्सिलची नाटा २००६ पासून चालू आहे आणि इतर अनेक कॉलेजांना ती चालते. व्हीएनआयटीचा बी.आर्क. प्रवेश मात्र जेईईच्या पेपर २ए वर होतो. फॉर्म भरतानाच हे पाहिलेलं बरं.

सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे 'आकृती मनात फिरवणं ही उपजत देणगी, सरावाने येत नाही.' शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये लोकांना ठोकळ्यांच्या चित्रांच्या जोड्या दाखवल्या. दोन चित्रांतला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त. म्हणजे आकृती मनात जणू खरोखरच फिरवावी लागते आणि त्याला वेळ लागतो. पुढे २०१३ मध्ये अटल आणि सहकाऱ्यांनी २१७ अभ्यास एकत्र तपासले. सरावाने ही क्षमता वाढते, टिकते आणि सराव न केलेल्या प्रश्नांतही उपयोगी पडते, असं त्यांना दिसलं.

'मुलींना हे जमत नाही' हे वाक्य तर आता बंदच व्हावं. मनात आकृती फिरवण्याच्या चाचण्यांत सरासरी फरक दिसतो, हे खरं. पण शेरिल सॉर्बी यांनी अमेरिकेतल्या मिशिगन टेकमध्ये १९९३ पासून मागे पडणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना ठोकळे हाताळायला आणि हाताने रेखाटायला लावलं. त्यांचे गुण वाढले आणि इंजिनिअरिंगमध्ये टिकून राहणाऱ्या मुलींचं प्रमाणही वाढलं.

मग क्लासमधल्या ट्रिक्स फोल का? सगळ्याच नाहीत. घनाच्या समोरासमोरच्या बाजू एका चित्रात कधीच दिसत नाहीत आणि उलगडलेल्या पट्टीत एक चौकोन सोडून पुढचा चौकोन हा समोरच्या बाजूचा असतो, एवढ्यावर निम्मे पर्याय गळू शकतात. तीन बाजू मिळतात तो कोपरा धरून त्यांवरच्या खुणा घड्याळाच्या दिशेने वाचा. ठोकळा कसाही फिरवला तरी क्रम तोच राहतो. उलटा झाला, तर ती आरशातली प्रतिमा. पण हे पाठ करून परीक्षेत आठवत नाही. औषधाचा खोका उलगडून, खुणा करून पुन्हा जोडला की ते हाताला कळतं.

छेदाच्या प्रश्नांसाठी स्वयंपाकघर पुरतं. भेंडी सरळ कापली की जवळजवळ पंचकोन, तिरपी कापली की तोच ताणलेला. कापण्याआधी कागदावर काढायचं, मग ताडून पाहायचं. हा क्रम उलटा केला तर सराव होत नाही, नुसती भाजी होते. त्याच्या पुढची पायरी नागपूरच्या दीक्षाभूमीवर. बाहेरून स्तूप सांचीच्या घाटाचा, पण सांचीचा भरीव आणि हा पोकळ, आत सभागृह असलेला. दोन्हींचा उभा छेद काढून पाहा.

'शेकडो प्रश्नपत्रिका सोडवा' हा सल्ला मला अर्धाच पटतो. चुकलेला प्रश्न पुठ्ठ्यात करून पाहिल्याशिवाय पुढच्या पेपरला हात लावू नये. वेळ लावून पेपर सोडवणं शेवटच्या काही आठवड्यांत. तेव्हा गुणांचं गणितही बघा: पेपर २ए च्या ॲप्टिट्यूडमध्ये बरोबर उत्तराला चार आणि चुकीला वजा एक. चारपैकी दोन पर्याय खात्रीने गळले असतील, तर प्रश्न कोरा सोडण्यापेक्षा उरलेल्यांतला एक निवडणं फायद्याचं.