फ्लशिंगचं पत्र : राखेच्या माळावर

न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागातल्या आमच्या घरापासून पंधरा मिनिटं चाललं की फ्लशिंग मेडोज नावाचं विस्तीर्ण उद्यान लागतं. रविवारी तिथे इक्वेडोर आणि मेक्सिकोकडची माणसं फुटबॉल खेळतात, त्यांच्या बायका हातगाडीवर आंब्याच्या फोडींना तिखट-मीठ लावून विकतात, आणि मधोमध 140 फुटी पोलादी पृथ्वीगोल उभा असतो. शंभर वर्षांपूर्वी इथे राखेचे ढिगारे होते. ब्रुकलिनमधल्या घराघरांत जळणाऱ्या कोळशाची राख इथे आणून ओतत. 1939च्या जागतिक प्रदर्शनासाठी शहराचे उद्यान आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी ती जागा सपाट करून घेतली. स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ कादंबरीतला राखेचा माळ तो हाच. समुद्रकाठच्या बंगल्यांतली माणसं न्यूयॉर्कला जाता-येता तो ओलांडतात. गॅरेजवाला आणि त्याची बायको मात्र त्याच राखेत संसार करतात.

बारा वर्षं इथे राहून मला हे ठाऊक नव्हतं. कळलं ते मुलीच्या शाळेच्या पुस्तकामुळे. ती अकरावीत आहे. पुस्तक शाळेचं, वर्ष संपलं की परत करायचं. पहिल्या पानावर आधीच्या मुलांची नावं, समासात पेन्सिलीच्या खुणा. गॅट्सबीच्या अंत्यविधीला जवळजवळ कुणीच येत नाही, त्या पानावर कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, ‘इतके लोक जेवून गेले होते ना?’ लिहिणारं पोर सोळा-सतरा वर्षांचं असेल. त्या ओळीवरून माझी नजर बराच वेळ हलली नाही.

घरून फोन आला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : ‘तिकडे काय, सगळी पैशाचीच पूजा.’ मीही येताना हेच डोक्यात घेऊन आले होते. इथे पैशाचं महत्त्व भयंकर आहे, यात शंका नाही. पण त्याच देशातल्या असंख्य सरकारी हायस्कुलांत मुलांच्या हाती ही कादंबरी दिली जाते. नॉर्थ डाकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा नाव बदलतो, बेकायदा धंद्यातून श्रीमंत होतो, एका मुलीसाठी महाल घेतो आणि शेवटी एकटा मरतो. माझ्या मुलीला निबंधाला प्रश्न होता : गॅट्सबीचं स्वप्नच खोटं होतं, की त्याने धरलेली वाट? तीन दिवस जेवताना आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मला माझे शाळेतले निबंध आठवले. ‘मी मुख्यमंत्री झालो तर’, ‘माझे ध्येय’. ‘मी हरलो तर’ हा विषय मला कुठल्याच बाईंनी कधी दिला नाही. द्यायला हवा होता.

एका शनिवारी आम्ही दोघी लाँग आयलंडच्या लोकलने ग्रेट नेकला गेलो. फ्लशिंगहून वीसेक मिनिटं. कादंबरीतलं नव्या श्रीमंतांचं गाव ते हेच. फिट्झजेराल्ड 1922 ते 1924 तिथे भाड्याने राहिला. त्या दिवसांत वर्षाला 36,000 डॉलर मिळवूनही पैसा जातो कुठे ते कळत नाही, असा लेखच त्याने लिहिला होता. तेव्हाच्या मानाने ती प्रचंड रक्कम. 10 एप्रिल 1925 रोजी कादंबरी आली आणि त्याच्या अपेक्षेइतकी खपली नाही. 1940 साली वयाच्या 44व्या वर्षी तो गेला, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती प्रकाशकाच्या गोदामात पडून होत्या आणि शेवटचं मानधन होतं 13 डॉलर 13 सेंट. नंतर महायुद्धात सैनिकांना फुकट वाटलेल्या खिशात मावणाऱ्या पुस्तकांत ‘गॅट्सबी’च्या सुमारे 1,55,000 प्रती गेल्या. सैन्यातल्या पोरांच्या हाती देशाने स्वतःच्या भ्रमनिरासाची गोष्ट ठेवली, याचं मला अजूनही नवल वाटतं.

या देशाची चीडही येते. हे पुस्तक शाळेत वाचलेली माणसं पुढे ‘गॅट्सबी पार्टी’ करतात. पिसांचे मुकुट, मोत्यांच्या माळा, शँपेनचे मनोरे. माझ्या ऑफिसातही झाली. म्हणजे पुस्तकातला जल्लोष उचलला आणि ते शेवटचं रिकामं अंगण सोडून दिलं. ‘अमेरिकन ड्रीम’ या शब्दाचंही तसंच झालं. तो रुजवला इतिहासकार जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांनी, 1931 साली, ऐन महामंदीत. स्वप्न नुसतं मोटारींचं आणि मोठ्या पगारांचं नाही, प्रत्येकाला आपल्या कुवतीप्रमाणे फुलता यावं याचं आहे, असं त्यांनी बजावलं होतं. मोटारी तेवढ्या लोकांच्या लक्षात राहिल्या. दिल्लीत जन्मलेले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडून दाखवलाय : 1940 साली जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे 90 टक्के मोठेपणी आईबापांपेक्षा जास्त कमावत होती, 1980च्या सुमारास जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आलं. केंद्राचं किमान वेतन 2009पासून ताशी सव्वासात डॉलरवर अडकून पडलंय. शाळेत गॅट्सबी शिकवून हे बदललेलं नाही.

पण एक गोष्ट इथे आहे आणि आपल्याकडे नाही. हरल्याचं इथे बोलून दाखवता येतं.

आमच्या खालच्या मजल्यावर लातूरकडचा एक मुलगा राहायचा. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, एच-वन-बी व्हिसा, एका मोठ्या कंपनीत नोकरी. कंपनीने एका सकाळी ईमेल पाठवून शेकडोंना घरी बसवलं, त्यात हाही होता. या व्हिसावर नोकरी गेली की नवी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवस मिळतात. त्याच्याबरोबर काढलेल्या एका अमेरिकन मुलीने त्याच संध्याकाळी लिंक्डइनवर सरळ लिहिलं : आज माझी नोकरी गेली, मला काम हवंय. शेदोनशे माणसं मदतीला धावली. हा मात्र रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मेन स्ट्रीटच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसायचा आणि नेहमीच्या वेळेला तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावायचा. पुस्तकांचं कपाट मागे दिसू नये म्हणून भिंतीकडे पाठ करून. चाळीस दिवस हे चाललं. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, ‘अरे, आईला सांग ना.’ तो म्हणाला, ‘मावशी, बाबांनी गावात पेढे वाटलेत.’

आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मधला विली लोमन दर आठवड्याला शेजाऱ्याकडून पैसे उसने आणतो आणि हा माझा पगार म्हणून बायकोच्या हातात ठेवतो. 1949चं नाटक. 2022 साली ब्रॉडवेवर मी ते पाहिलं, तेव्हा लोमन कुटुंब कृष्णवर्णीय होतं आणि संवादांना वेगळीच धार आली होती. माझ्या शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ मध्यंतरात ओळख-पाळख नसताना म्हणाले, ‘माझे वडील असेच होते.’ सत्तर वर्षं हे लोक ते नाटक पाहताहेत आणि आपल्या बापाला ओळखताहेत. आपल्यात घरोघरी विली आहेत, आणि आपण त्यांना पॅकेज विचारतो.

गेल्या महिन्यात सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला. ‘ताई, बेचाळीस लाखांचं कर्ज मंजूर झालं. घर तारण ठेवलंय.’ भाचा ऑगस्टमध्ये एमएसला येतोय. जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरणारा माझा भाऊ. मी येऊ नको म्हणाले नाही. मीही अशीच आले, मला इथे कामाचा मान मिळाला आणि शेजारीही मिळाले. मी त्याला एवढंच म्हटलं की पेढे वाटू नकोस, आणि पोराला तुझ्या तोंडाने एकदा सांग की तिथे जमलं नाही तर घराचे हप्ते मी बघेन, तू परत ये. भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘असं कसं बोलायचं गं, निघताना?’

निघतानाच बोलायचं. लातूरच्या मुलाने पंचेचाळिसाव्या दिवशी आईला सांगितलं आणि साठाव्याच्या आत तो परत गेला. आता पुण्यात नोकरी करतो. तुमच्या घरचं कुणी इकडे असेल, तर पुढच्या फोनवर पगाराचा विषय काढू नका. नोकरी गेली तर पहिला फोन आम्हालाच कर, एवढं मात्र सांगून ठेवा.