जिन्यावरची तहान

आम्ही शाळेंतून निवृत्त होऊन आठ वर्षें लोटलीं. तरी घरामागील शाळेंत मधल्या सुट्टीची घंटा वाजली कीं आमच्या पोटांत आजही भूक उठते. मग नुकतेंच जेवण झालेलें कां असेना! वाचक हंसतील. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं रशियांतील शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं हेंच दाखविलें. अन्नापूर्वीं ठराविक खूण वारंवार दिली, कीं पुढें नुसत्या खुणेनेंही लाळ सुटते. आमचे नैयायिक निद्रिस्त संस्कारास जागें करणाऱ्या अशा गोष्टीस 'उद्बोधक' म्हणत.

हें आठवण्यास कारण आमचा नातू. तो पुण्यास वसतिगृहांत राहून शिकतो. गेल्या सुट्टींत मोठ्या धीरानें म्हणाला, "आजोबा, मी कधीं कधीं पितों. घरीं आठवणही होत नाहीं. पण शनिवारीं संध्याकाळीं मित्राच्या खोलीचा जिना चढूं लागलों कीं घसा कोरडा पडतो." आम्ही रागावलों नाहीं. खरें सांगावयाचें तर रागावलों, पण बोललों नाहीं. जिना, पेल्यांचा आवाज, तींच चार तोंडें, इतकेंच काय, पंचांगांतील तिथिही उद्बोधक होते. आषाढी अमावास्या ही दीपपूजनाची. तिला 'गटारी' म्हणून पिणाऱ्यांस तहान लागते ती तिथि आली म्हणून!

"मला चढत नाहीं," असें हीं मुलें म्हणतात, आणि खरा धोका येथेंच आहे. ओळखीच्या जागीं शरीर खूण ओळखून दारूविरुद्ध आधींच सज्ज होतें. म्हणून नशा कमी भासते. रक्तांतील दारू मात्र तेवढीच. अनोळखी जागीं ही पूर्वतयारी नसते, आणि नेहमींचाच पेला अधिक चढतो. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ शेपर्ड सीगल व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं हेरॉइनचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. सवय झालेल्या उंदरांस मोठी मात्रा ओळखीच्या जागीं दिली तेव्हां सुमारें ३२ टक्के मेले. नव्या जागीं दिली तेव्हां सुमारें ६४ टक्के. दारूच्या सवयीवरही जागेचा असा प्रभाव प्रयोगांत दिसलेला आहे. खोलीवर निभावून नेणारा मुलगा सहलीस तितकीच घेतो आणि दुचाकीवर बसतो, हें मनांत येऊन आम्हांस त्या रात्रीं झोप लागली नाहीं.

सकाळीं त्यानें विचारलें, "महिनाभर घरींच राहिलों तर विसर पडेल ना?" आम्ही म्हणालों, "येथें पडेल, बाळ. जिन्यावर पुन्हा आठवेल."

आतां शनिवारीं तो मैदानावर खेळावयास जातो व परततांना ती गल्ली टाळून लांबून येतो. पहिले दोन शनिवार फार जड गेले म्हणे. तिसरा परवां आहे.