सेलमध्ये वीज मावते किती?

आपल्याकडे शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची येते. मग हातात बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जावे लागते. गेल्या हिवाळ्यात माझी बॅटरी बांधावरच विझली. पायाखाली काय आहे ते दिसेना. कसाबसा घरी आलो. सेल तर नवा होता. त्यावर ९९०० असा आकडा छापला होता!

हा आकडा मिलिॲम्पिअर-तासांचा. शब्द मोठा आहे, पण भिऊ नका. रांजणाचे उदाहरण घ्या. भरलेल्या रांजणाची तोटी उघडली. तासाला पाच घागरी पाणी पडले. दोन तासांनी रांजण रिकामा झाला. म्हणजे त्यात दहा घागरी पाणी होते. सेलचेही तसेच. विजेचा प्रवाह मिलिॲम्पिअरमध्ये मोजतात. त्याला तासांनी गुणले, की सेलमध्ये किती वीज मावते ते कळते.

आधी रांजण काठोकाठ भरला पाहिजे. अशा बॅटरीतला लिथियमचा सेल पुरा भरला, की त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो. मग त्यातून एकसारखा प्रवाह काढायचा आणि घड्याळ बघायचे. दाब ३ व्होल्टवर उतरला, की थांबायचे. सेल त्याच्या फार खाली पिळला तर बिघडतो.

तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्या पोराकडे हे सारे आपोआप करणारा चार्जर आहे. त्याने माझा सेल लावला. प्रवाह ५०० चा ठेवला. अडीच तासांत सेल रिकामा! ५०० ची अडीचपट म्हणजे १२५०. कुठे ९९०० आणि कुठे १२५०! जन्मभर गणित शिकवले, आणि मीच फसलो.

हा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. म्हणून त्याला १८६५० म्हणतात. चांगल्या कारखान्याचा असला, तरी एवढ्याशा सेलमध्ये साधारण ३५०० च्या आसपासच मावते. तेव्हा ९९०० छापलेला सेल दिसला, की घेऊच नका. चांगला सेल हाताला जड लागतो, सुमारे ४५ ग्रॅम भरतो.

घरी तारा जोडून मोजायला जाऊ नका बरे! दोन्ही टोके तारेने जुळली, तर सेल तापून पेट घेऊ शकतो. घरी एवढेच करा. नवा सेल पुरा भरा आणि बॅटरी लावून ठेवा. उजेड मंदावला, की लगेच बंद करा. किती वेळ चालली ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा तसेच बघा. वेळ बराच घटला असेल, तर सेल थकला. माझा आकडा मी दारामागे खडूने लिहिला आहे. रात्री निघताना तो आधी वाचतो.