दुबईला जाताना कस्टमचे नियम ध्यानात ठेवा

आपले कितीतरी व्यापारी बांधव पर्यटक व्हिसावर दुबईला जातात आणि बॅगेत मालाचे नमुने नेतात. पहिल्या खेपेस आम्हीही तेच केले. एकाच नमुन्याच्या चाळीस ओढण्या होत्या. अधिकाऱ्याने विचारले, "कशासाठी?" आम्ही म्हणालो, "भेट द्यायला." "धंदा कोणता?" "कापडाचा." तो हसला आणि शुल्काची पावती फाडली. चूक आमचीच होती.

नियम असा आहे. वैयक्तिक वापराच्या वस्तू व ३,००० दिरहमपर्यंतच्या भेटवस्तू शुल्काविना नेता येतात. मात्र त्या व्यापारी प्रमाणात नसाव्यात आणि प्रवासी त्याच मालाचा व्यापारी नसावा. म्हणजे कापडवाल्याच्या बॅगेतले कापड भेट ठरत नाही. बीजक सोबत ठेवावे व आपणहून सांगावे. बहुतेक मालावर किमतीच्या ५ टक्के शुल्क बसते, शिवाय २०१८ पासून ५ टक्के व्हॅट. ही रक्कम धरूनच भाव काढावा.

रोख रकमेचेही तसेच. ६०,००० दिरहमहून अधिक रोख रक्कम किंवा तेवढ्या किमतीचे सोने व जवाहीर जवळ असल्यास येताना आणि जाताना दोन्ही वेळा जाहीर करावे लागते. नेण्यास बंदी नाही, लपवणे गुन्हा आहे.

सर्वांत मोठा धोका स्वयंपाकघरातून येतो. आपल्याकडे मसाल्यात पडणारी खसखस तेथे अमली पदार्थात मोडते. पानही नेऊ नये. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेले औषध न्यायचे तर तेथील आरोग्य खात्याची परवानगी आधी घ्यावी.

शेजारीपाजारी डबे, पुड्या आणून देतात, "आमच्या मुलाला एवढे पोचवा." नकार देणे जड जाते. पण बॅग ज्याची, जबाबदारी त्याची. अमानत स्वीकारायची तर समोर उघडून पाहावी, नाहीतर हात जोडावेत.

परतताना थोडा फायदाही आहे. योजनेतील दुकानात पासपोर्ट दाखवून किमान २५० दिरहमची खरेदी केली, तर विमानतळावर व्हॅटचा मोठा भाग परत मिळतो. माल ९० दिवसांत देशाबाहेर न्यावा लागतो. बॅग विमान कंपनीकडे सोपवण्याआधी पावत्यांची नोंद करून घ्यावी, कारण तेथे माल पाहायला मागू शकतात.

मायदेशी उतरल्यावर आपल्या कस्टमचे नियम वेगळे लागतात. शंका असेल तर लाल मार्गाने जावे. पाच मिनिटांचा उशीर परवडतो, परदेशात गेलेली अब्रू परत मिळत नाही.