शिकवणारी परिचारिका : जामखेडचा अनुभव

परिचारिका म्हटले की रुग्णालयातील खाटा, सलाईन आणि रात्रपाळी आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. ग्रामीण आरोग्याच्या क्षेत्रात मात्र तिचे मोठे काम शिकवण्याचे आहे. ते कसे, हे जामखेडच्या अनुभवावरून चांगले कळते.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवून पाहिले. ते जमले नाही. परक्या गावात एकट्या तरुणीने राहणे अवघड होते आणि अनुभवी बायाबापड्या तिचे ऐकत नसत. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. निवडलेल्यांपैकी बहुतेक जणी निरक्षर होत्या, काही दलित होत्या. परिचारिकेची भूमिका बदलली. ती या स्त्रियांची शिक्षिका व पाठीराखी झाली.

अक्षरओळख नसलेल्यांना शिकवावे कसे? संभाषणातून, गाण्यांतून, प्रत्यक्ष करून दाखवून. बाळाला हगवण लागली की पाणी तोडू नये. उलट एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे. बाळंतिणीचे पहिले दूध, म्हणजे चीक, फेकू नये. नाळ निर्जंतुक पात्यानेच कापावी. एवढ्याशा गोष्टी! पण त्या सासूला पटवून देणे हे शेजारणीलाच साधते, बाहेरून आलेल्या बाईला नव्हे.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार 1971 साली तेथे जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 176 बालके वर्षाच्या आत दगावत. 1976 मध्ये हे प्रमाण 52 वर व 1996 मध्ये 26 वर आले. याचे श्रेय केवळ आरोग्यशिक्षणाला देणे योग्य नव्हे. पिण्याचे पाणी, शेती, महिला मंडळे यांचाही त्यात वाटा होता.

शासनाने 2005 साली आणलेल्या 'आशा' योजनेमागे असाच विचार आहे. परंतु आशाताईंना मार्गदर्शन करावयाचे, त्या उपकेंद्रातील परिचारिकेवर लसीकरणाचा, बाळंतपणांचा आणि नोंदवह्यांचा भार आधीच असतो. शिकवणे हे वेळखाऊ काम आहे, आणि तो वेळ तिच्या कामाच्या तासांत धरलेला असावा, असे आम्हांस वाटते.