भाडे थकले, नोटीस आली, आता काय?

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत आजही अनेक कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. थकलेल्या भाड्याची नोटीस आली की घर गेलेच, असे समजून आपण खचतो किंवा कागद कोनाड्यात टाकतो. दोन्ही चुकीचे आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १५ सांगते, की लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस होईपर्यंत घरमालकाला थकबाकीसाठी घर खाली करून घेण्याचा दावा लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सर्व थकबाकी, तीवर दरसाल १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरावी. पुढे निकालापर्यंत भाडे नियमित भरावे, न्यायालय सांगेल तो दावाखर्चही द्यावा. मग थकबाकीच्या कारणावरून घर सोडण्याचा हुकूम होत नाही. यातला एक हप्ता चुकला तरी हे संरक्षण धोक्यात येते.

अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांना मात्र हे कलम लागू नाही.

निकाल विरोधात गेल्यास ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते. त्यापुढे उच्च न्यायालयात जायचे झाले, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

म्हणून भाड्याची पावती मागून घ्या. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. समन्स हाती पडलेली तारीख लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात वकिलाला भेटा.