'ॲलर्जी न करणारा' कुत्रा : आधी पारख, मग पैसे

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हैस घेताना आपण दात पाहतो, धार काढून पाहतो. मग 'ॲलर्जी न करणारा' म्हणून महागडा पूडल नुसत्या शब्दावर का घ्यावा? पूडलचे केस कमी गळतात, हे खरे. पण ॲलर्जी होते ती लाळेतील व कोंड्यातील प्रथिनांमुळे. ती प्रत्येक जातीत असतात.

१९८९ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात एका अंध बाईंसाठी लॅब्राडोर-पूडल संकराची तीन पिल्ले काढली. त्यांच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. केस व लाळेचे नमुने पाठवले, तेव्हा 'सुलतान' हे एकच पिल्लू त्यांना सोसले.

म्हणून आम्ही सुचवतो : जातीच्या नावावर जाऊ नका. घरात कोणाला दमा असल्यास आधी डॉक्टरांना विचारा, त्यांच्या सल्ल्याने त्याच कुत्र्याजवळ दोन-चार वेळा बसवून पाहा, मगच पैसे मोजा. लळा लागल्यावर कुत्रा परत करणे मुलांना फार जड जाते.